आशय, रूप आणि पृच्छा

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतीय भाषांतील मजकूर संकेतस्थळांवर दिसू लागला, तेव्हा त्यातील बराचसा भाग एका विचित्र तडजोडीवर उभा होता. निरनिराळ्या प्रकाशकांचे निरनिराळे टंक असत, आणि त्या टंकांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी देवनागरी, गुजराती किंवा तमिळ अक्षरांच्या आकृती बसविलेल्या असत. वाचकाच्या संगणकावर तो टंक असला, तर लेख नीट दिसे. नसला, तर त्याच लेखाच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग उभी राही. संगणकाच्या दृष्टीने तेथे मराठी शब्द कधी नव्हताच. मराठी शब्दासारखी दिसणारी आकृती तेवढी होती. त्या मजकुरात शोध घेता येत नसे, तो वर्णानुक्रमाने लावता येत नसे, दुसऱ्या टंकात नेता येत नसे. वस्तुतः भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ हा लिपिसंकेत १९९१ मध्येच सिद्ध केला होता, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले होते. तरीही टंकबद्ध मजकुराची प्रथा पुढे बरीच वर्षे चालू राहिली. आणि टंक लोपले, तेव्हा त्यांच्याबरोबर पुष्कळ लेखनही वाचण्यायोग्य राहिले नाही.

असाच प्रकार अन्यत्रही घडला. फ्लॅश नावाच्या साधनावर असंख्य शैक्षणिक चलच्चित्रे व प्रयोगदर्शने उभारली गेली होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या साधनाचा आधार त्याच्या निर्मात्यांनी काढून घेतला, आणि ज्यांचा आशय फ्लॅशच्या चौकटीबाहेर कोठेच जतन केलेला नव्हता, त्यांना तो नव्याने निर्माण करावा लागला किंवा गमवावा लागला.

या दोन्ही उदाहरणांतील दोष एकच आहे. आशय व त्याचे रूप ही एकमेकांस अशा रीतीने जखडली गेली, की रूप कालबाह्य होताच आशयही त्याच्यासह नष्ट झाला. आजच्या वेब-अनुप्रयोगांच्या रचनेत हाच प्रश्न एक पायरी वर पुन्हा उपस्थित झाला आहे. आणि त्यास उत्तर म्हणून ‘हेडलेस’ आशय-प्रणाली व ‘ग्राफक्यूएल’ ही पृच्छाभाषा यांचा पुरस्कार केला जात आहे. हा पुरस्कार मूलतः योग्य आहे. तथापि तो ज्या कारणांसाठी केला जातो, ती कारणे सर्वच खरी नाहीत. आणि ज्या किमतीत त्याचा लाभ मिळतो, तिची चर्चा क्वचितच होते. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थांनी तरी हा स्वीकार डोळसपणे करावा, हे या पुस्तिकेचे प्रतिपाद्य होय.

खिळ्यांचा फर्मा आणि मजकूर

जुन्या छापखान्यात जुळाऱ्याने खिळे जुळवून पृष्ठाचा फर्मा बांधला, की त्या फर्म्यातून तेच पृष्ठ हजारो वेळा छापता येई. परंतु तोच मजकूर लहान आकाराच्या पुस्तिकेत हवा झाला, तर खिळे सोडवून पुन्हा जुळवावे लागत. मूळ हस्तलिखित जपून ठेवले असेल, तर हे काम कष्टाचे असले तरी शक्य असे. हस्तलिखित हरवले आणि फर्मा तेवढा उरला, तर काम कठीण होई.

संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात प्रत्येक पान असाच एक फर्मा होता. मजकूर, चित्रे आणि त्यांची मांडणी एकाच फाइलीत एकत्र गुंफलेली असत. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस ही शैलीभाषा अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली, तेव्हा रंग, अंतरे व अक्षरांचे आकार यांना मजकुरापासून वेगळे करण्याचा मार्ग खुला झाला. पुढे २००१ मध्ये द्रुपल आणि २००३ मध्ये वर्डप्रेस या आशय-व्यवस्थापन प्रणाली आल्या. त्यांनी मजकूर माहितीकोशात ठेवला, संपादकास लेखनासाठी स्वतंत्र दालन दिले, आणि वाचकाने पान मागितले की ते त्या क्षणी तयार करून देण्याची सोय केली. प्रोग्रामरच्या साहाय्यावाचून शिक्षक, वैद्य किंवा ग्रंथपाल आपले लेखन प्रसिद्ध करू लागला. हा उपकार लहान नव्हे.

परंतु या प्रणालींत संपादकाचे दालन आणि वाचकासमोरील दर्शनी भाग एकाच छपराखाली होते. आशय बाहेर पडे, तो एका ठरावीक दर्शनी दारानेच आणि बहुधा संपूर्ण पानाच्या रूपानेच. वाचक जोवर मेजावरील संगणकापुढे बसत होता, तोवर यात कोणास अडचण भासली नाही. मग मोबाइल फोन आले, दूरदर्शन-संचावरील अनुप्रयोग आले, रेल्वे-स्थानकावरील फलक आले, बोलून उत्तर देणारी यंत्रे आली. यांपैकी कोणासही संपूर्ण पान नको होते. कोणास मथळा व तीन ओळी हव्या होत्या, कोणास केवळ एक आकडा.

शिर काढून घेतलेली प्रणाली

‘हेडलेस’ या शब्दाचा अर्थ शिरविरहित असा आहे. येथे शिर म्हणजे प्रणालीचा दर्शनी चेहरा. तो काढून टाकला, की मागे उरतात आशयाचे कोठार, त्यात भर घालण्याचे संपादकीय दालन, आणि बाहेरील कोणत्याही अनुप्रयोगास आशय मागता यावा असे एक द्वार. या द्वारास एपीआय म्हणतात. चेहरे कितीही असोत, ते सर्व त्याच द्वाराशी येऊन मागणी करतात.

ही कल्पना आज नावारूपास आली असली, तरी तिचा अनुभव जुना आहे. अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक रेडिओ-संस्थेने २००८ मध्ये आपल्या वृत्तांची व ध्वनिफितींची सामग्री अशा द्वाराने खुली केली. पुढील वर्षी त्या संस्थेतील डॅनियल जेकबसन यांनी, एकदा निर्माण केलेला आशय सर्वत्र प्रकाशित व्हावा, हे तत्त्व विस्ताराने मांडले. एका वृत्ताची नोंद एकदाच करावयाची. ते संकेतस्थळावर कसे दिसेल, फोनवर कसे दिसेल, स्थानिक केंद्राच्या पानावर कसे दिसेल, हे त्या त्या ठिकाणी ठरावयाचे. वर्डप्रेसनेही डिसेंबर २०१६ मधील आपल्या ४.७ या आवृत्तीत असे द्वार अंगभूत केले. सारांश, शिर वेगळे करण्यासाठी प्रत्येक वेळी नवी प्रणाली विकत घ्यावी लागतेच, असे नाही.

येथेच एक गैरसमज दूर करावयास हवा. चेहरा काढून टाकला, म्हणजे आशय आपोआप मुक्त झाला, असे होत नाही. एखाद्या हवामान-केंद्रातील लेखनिकाने इशारा लिहिताना जिल्ह्याचे नाव ठळक अक्षरांत, धोक्याचा शब्द तांबड्या रंगात आणि मुदत तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी लिहिली, आणि हा सारा मजकूर एकाच मोठ्या चौकटीत भरला, तर कोठारातही तो तसाच अखंड पडून राहील. मनुष्य तो वाचून समजेल. पण यंत्रास जिल्हा कोणता आणि मुदत कोणती, हे कळणार नाही. तांबडा रंग हे रूप आहे. अत्युच्च धोका हा आशय आहे. जिल्हा, धोक्याची पातळी, मुदतीचा आरंभ, मुदतीचा शेवट, सूचना आणि भाषा असे वेगवेगळे घटक जेव्हा कोठारात स्वतंत्रपणे नोंदले जातात, तेव्हाच आशय रूपापासून खऱ्या अर्थाने सुटा होतो.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांस हा विचार नवा वाटणार नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात ग्रंथाचा विषय एकाच अखंड कप्प्यात न टाकता त्याचे पैलू वेगळे करून नोंदण्याची पद्धती घातली. पैलू वेगळे झाले, की त्यांची हवी तशी सांगड घालता येते. आशय-प्रणालीतील घटकांचा आराखडा हे त्याच विश्लेषणाचे दुसरे क्षेत्र होय.

मागणीची भाषा

आशय कोठारात सुटा ठेवला, तरी तो मागावयाचा कसा, हा प्रश्न उरतो. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेस सादर केलेल्या प्रबंधात ‘रेस्ट’ या नावाने जी रचनापद्धती वर्णिली, तिचा प्रभाव पुढील काळावर फार मोठा पडला. या पद्धतीच्या प्रचलित व्यवहारात प्रत्येक वस्तूस स्वतःचा पत्ता असतो. लेखाचा पत्ता वेगळा, लेखकाचा वेगळा, चित्राचा वेगळा. त्या पत्त्यावर मागणी केली, की ती वस्तू जशी ठेवलेली असेल तशी संपूर्ण हाती येते.

यातून दोन अडचणी उद्भवतात. ज्या फोनला लेखाचे केवळ मथळे हवे आहेत, त्याच्या पदरी संपूर्ण लेख येऊन पडतात. ही झाली अधिकाची अडचण. ज्यास लेख, त्याचा लेखक आणि त्या लेखकाचे इतर लेख एकाच पडद्यावर दाखवावयाचे आहेत, त्यास तीन पत्त्यांवर एकामागून एक फेऱ्या माराव्या लागतात. ही झाली उणेपणाची अडचण. जलद जाळ्यात या फेऱ्या जाणवत नाहीत. ज्या खेड्यात फोनचा संदेश क्षीण आहे, तेथे प्रत्येक फेरीची किंमत वाचकास वाट पाहून मोजावी लागते.

फेसबुक कंपनीत २०१२ साली फोनवरील अनुप्रयोग नव्याने रचताना याच अडचणी समोर उभ्या राहिल्या. ली बायरन, निक श्रॉक आणि डॅन शेफर या तीन अभियंत्यांनी त्यावर जो उपाय योजला, तो म्हणजे ग्राफक्यूएल. २०१५ मध्ये त्याचे विनिर्देशपत्र जगासाठी खुले करण्यात आले. २०१८ मध्ये त्याच्या संगोपनासाठी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापण्याची घोषणा झाली. म्हणजे ही भाषा आज कोणा एका कंपनीची खाजगी मालमत्ता नाही, आणि सार्वजनिक संस्थांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

ग्राफक्यूएलचे सूत्र सोपे आहे. बंद कपाटांच्या ग्रंथालयात वाचक मागणीची चिठ्ठी भरून खिडकीवर देतो आणि सेवक आतून पुस्तक आणतो. येथे चिठ्ठीवर पुस्तकाचे नावच नव्हे, तर त्यातील कोणकोणती अंगे हवीत तेही लिहिता येते. आणि उत्तर अगदी त्याच आकाराचे, त्याच क्रमाने, अधिक नाही व उणे नाही, असे मिळते. उदाहरणार्थ, एखाद्या मच्छीमाराच्या फोनवरील लहान अनुप्रयोग पुढील पृच्छा करील :

इशारा (जिल्हा: "रत्नागिरी") {
  पातळी
  मुदतीचा_शेवट
  सूचना (भाषा: "मराठी")
}

उत्तरात याच तीन गोष्टी येतील. त्याच कोठाराकडे एखादे वृत्तपत्र नकाशा, पावसाचे आकडे, मागील इशारे व सर्व भाषांतील मजकूर मागू शकेल, आणि तेही एकाच फेरीत. वरील नमुना सोयीसाठी देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्षात या भाषेच्या विनिर्देशपत्रानुसार घटकांची नावे रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांतच लिहावी लागतात. मूल्ये व वर्णने मात्र कोणत्याही लिपीत चालतात. भारतीय भाषांच्या अभिमान्यांस हे खटकेल, परंतु यामुळे आशयाच्या भाषेस बाध येत नाही.

या सर्वांच्या मुळाशी असतो तो आराखडा, ज्यास तज्ज्ञ ‘स्कीमा’ म्हणतात. कोठारात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत, प्रत्येकीस कोणते घटक आहेत, कोणता घटक अंक आहे व कोणता मजकूर, कोणता अनिवार्य आहे, कोणती वस्तू कोणत्या वस्तूशी जोडलेली आहे, हे सर्व त्यात निःसंदिग्ध लिहिलेले असते. आराखड्यात न बसणारी पृच्छा चालविण्यापूर्वीच नाकारली जाते. शिवाय तुझ्यापाशी काय काय आहे, असे खुद्द प्रणालीसच विचारता येते. एखादा घटक जुना झाला, तर तो एकदम उपटून न टाकता ‘त्याज्य’ अशी खूण करून नवा घटक शेजारी ठेवता येतो. जुने अनुप्रयोग चालू राहतात आणि नवे अनुप्रयोग नव्या घटकाकडे वळतात.

एक इशारा, अनेक चेहरे

भारतात या तत्त्वाची उपयुक्तता पटविण्यास दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही इशारा-प्रणाली सी-डॉट या संस्थेने विकसित केली असून ती ‘सामान्य इशारा संकेत’ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेली आहे. या मानकात इशाऱ्याचे अंग सुटे असते : घटना कोणती, तातडी किती, तीव्रता किती, खात्री किती, क्षेत्र कोणते, मुदत कोणती, भाषा कोणती. असा घटकशः लिहिलेला इशारा लघुसंदेश, अनुप्रयोग, आकाशवाणी अशा निरनिराळ्या माध्यमांकडे जाऊ शकतो. येथे ग्राफक्यूएल अनिवार्य नाही. परंतु आशय रूपापासून सुटा ठेवण्याचे तत्त्व येथे पूर्णपणे सिद्ध झालेले दिसते, आणि ते मनोरंजनाच्या नव्हे, तर जीवितरक्षणाच्या क्षेत्रात.

भाषांच्या बाबतीत तर याचे मोल विशेष आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. एकच सूचना त्या सर्वांत प्रसिद्ध करावयाची असेल, तर संपूर्ण पानाचे २२ वेळा भाषांतर करणे, हा चुकांना दिलेला उघड निमंत्रण-पत्रच होय. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस ही सर्वांत वरची श्रेणी आहे. हा आकडा कोठारात एकदाच अंक म्हणून नोंदला आणि त्याच्या श्रेणीस प्रत्येक भाषेत ठरलेला शब्द जोडला, तर मराठी वाचकास आणि ओडिया वाचकास एकाच पावसाविषयी दोन निरनिराळे अंदाज मिळण्याचा संभव उरत नाही. तसेच मूळ मजकूर बदलल्यावर कोणत्या भाषेतील भाषांतर मागे राहिले, हेही प्रत्येक भाषेच्या नोंदीवरील तारखेवरून तत्काळ कळू शकते. इंग्रजी पान अद्ययावत आणि भारतीय भाषेतील पान जुनेच, हा अनुभव ज्या नागरिकांस वारंवार येतो, त्यांच्या दृष्टीने हा लाभ कोणत्याही तांत्रिक सौंदर्याहून मोठा आहे.

किंमत कोण मोजतो

आता दुसरी बाजू. ग्राफक्यूएलमुळे श्रम नाहीसे होत नाहीत; ते मागणाऱ्याकडून देणाऱ्याकडे सरकतात. चिठ्ठी लिहिणे सोपे झाले, म्हणजे आतील सेवकाचे काम सोपे झाले असे नव्हे.

पन्नास लेख आणि प्रत्येकाचा लेखक, अशी साधी पृच्छा घ्यावी. भोळेपणाने रचलेला सर्व्हर प्रथम लेखांची यादी आणण्यासाठी माहितीकोशाकडे एकदा जाईल आणि नंतर प्रत्येक लेखकासाठी एकेकदा, म्हणजे एकूण ५१ वेळा. पृच्छा एक, परंतु आतील फेऱ्या ५१. सर्व लेखकांची मागणी एकत्र बांधून एकाच फेरीत आणण्याच्या युक्त्या उपलब्ध आहेत. पण त्या आपोआप लाभत नाहीत, त्या योजाव्या लागतात.

याहून गंभीर प्रश्न मर्यादांचा आहे. लेखाचा लेखक, त्या लेखकाचे लेख, त्या लेखांचे लेखक, असे एकात एक गुंतलेले प्रश्न कोणी खोडसाळपणे विचारले, तर अवघ्या काही ओळींची पृच्छा बलाढ्य सर्व्हरलाही जेरीस आणू शकते. म्हणून खोलीवर, संख्येवर व एकूण भारावर बंधने घालावी लागतात. गिटहब या संस्थेने २०१६ मध्ये आपले ग्राफक्यूएल-द्वार जाहीर केले, तेव्हा तिच्या माहितीकोशाकडे येणाऱ्या मागण्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक मागण्या जुन्या रेस्ट-द्वाराने येत असल्याचे तिने सांगितले होते. नवे द्वार उघडतानाही तिने कडक नियम केले : कोणत्याही यादीतून एका वेळी १०० हून अधिक नोंदी मागता येत नाहीत आणि एका पृच्छेत एकूण ५,००,००० हून अधिक वस्तू येऊ शकत नाहीत. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की गिटहबने आपले रेस्ट-द्वार बंद केले नाही. दोन्ही द्वारे शेजारी शेजारी चालू आहेत. नव्याने जुन्यास हुसकावलेच पाहिजे, असे मानणाऱ्यांनी यापासून बोध घ्यावा.

तिसरी किंमत साठवणुकीची. स्वतंत्र पत्ता असलेल्या वस्तूची प्रत वाटेतील सर्व्हर सहज जपून ठेवतात आणि दुसऱ्या वाचकास तीच देतात. ग्राफक्यूएलमध्ये बहुधा सर्व पृच्छा एकाच पत्त्यावर जातात आणि प्रत्येकीचा मजकूर वेगळा असतो. त्यामुळे ही सुलभ साठवणूक बिघडते. निवडक पृच्छा आधीच नोंदवून त्यांस क्रमांक देण्याचा उपाय आहे, आणि सार्वजनिक स्वरूपाच्या द्वारांनी तो अवश्य योजावा. चक्रीवादळाच्या रात्री लक्षावधी लोक एकच प्रश्न विचारत असतात. त्या रात्री प्रत्येकाचे उत्तर नव्याने शिजवत बसणे परवडणारे नाही.

चौथी किंमत संपादक मोजतो. जुन्या प्रणालीत तो लेख लिही आणि पान कसे दिसेल, हे तेथेच पाही. शिर गेले, की त्याच्यासमोर केवळ रिकाम्या चौकटींचा एक तक्ता उरतो. पूर्वदर्शनाची सोय स्वतंत्रपणे बांधून दिली नाही, तर अनुभवी संपादकही गोंधळतो, आणि मग तो पूर्वीप्रमाणे सर्व मजकूर एकाच चौकटीत भरू लागतो. अशा रीतीने मोठ्या खर्चाने उभी केलेली रचना आतून पोकळ होते.

आणि शेवटची किंमत, जिची गणना सर्वांत कमी होते, ती वाचकाची. अनेक नव्या अनुप्रयोगांत पान जुळविण्याचे कामच वाचकाच्या ब्राउझरवर सोपविलेले असते. फोन प्रथम मोठी आज्ञावली उतरवून घेतो, ती चालवितो, मग पृच्छा करतो, मग आलेल्या उत्तरापासून पान बांधतो. महागड्या फोनवर हे निमिषार्धात होते. जुन्या, स्वस्त फोनवर पडदा बराच काळ कोरा राहतो; आणि आज्ञावली अर्धवट उतरली, तर तो कोराच राहतो. ग्राफक्यूएलने वाचविलेले अक्षरांचे काही सहस्र संकेत या आज्ञावलीने अनेक पटींनी खर्च झाले, तर वाचकाच्या हाती काय पडले? हा दोष पृच्छाभाषेचा नाही. तिच्या वापराच्या रूढ पद्धतीचा आहे. त्याचे निवारणही अवघड नाही. पृच्छा सर्व्हरनेच, शक्य तर प्रकाशनाच्या वेळीच, करावी; पान तयार करून ठेवावे; आणि वाचकास साधे, हलके, तयार पान द्यावे. आशय पडद्याआड सुटा राहील आणि वाचकासमोर तो बांधून येईल.

स्वीकाराच्या कसोट्या

यावरून निर्णयाची दिशा स्पष्ट होते. ज्या संस्थेचा आशय एकाच संकेतस्थळावर, एकाच भाषेत, वीस-पंचवीस पानांत मावतो, तिला हेडलेस प्रणालीचीही गरज नाही आणि ग्राफक्यूएलची तर नाहीच. शाळेने किंवा ग्रामपंचायतीने साधी, स्थिर पाने नीट लिहावीत आणि वेळच्या वेळी बदलावीत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ज्या संस्थेचा आशय अनेक भाषांत व अनेक माध्यमांत जावयाचा आहे, तिने तो रूपापासून सुटा ठेवलाच पाहिजे. येथे तडजोड नको. आरोग्य, हवामान, शेती, परीक्षा व ग्रंथालये यांच्याशी संबंधित राष्ट्रीय संस्था या वर्गात निःसंशय मोडतात.

ग्राफक्यूएलचा प्रश्न याच्या नंतर येतो. मागणी करणारे अनुप्रयोग अनेक आहेत, त्यांच्या गरजा परस्परांहून खरोखर भिन्न आहेत, आणि आशयाच्या वस्तू एकमेकींशी दाट जोडलेल्या आहेत, अशी स्थिती असेल तर ग्राफक्यूएल योजावे. मागण्या ठरावीक व थोड्या असतील, तर जुने द्वारच पुरेसे आहे. त्याची देखभाल करणारे हातही अधिक मिळतात. नवे साधन वापरल्याची प्रतिष्ठा हे कारण निविदेत लिहिता येत नाही. म्हणून ते अन्य कारणांच्या आड लपून येते, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

साधन कोणतेही असो, आराखडा मात्र संस्थेचा स्वतःचा असावा. येथे बहुतेक संस्थांकडून चूक होते. आराखडा हे प्रोग्रामरचे काम समजून ते कंत्राटदाराकडे सोपविले जाते. आणि कंत्राट संपल्यावर आपल्याच माहितीचा नकाशा आपल्यापाशी नाही, असे संस्थेच्या लक्षात येते. रोग, लक्षण आणि उपचार यांचा परस्परसंबंध काय, हे वैद्यानेच सांगितले पाहिजे. वाण, हंगाम व जमीन यांचे नाते कृषितज्ज्ञानेच ठरविले पाहिजे. प्रोग्रामर त्यास यंत्राच्या भाषेत उतरवील. आराखडा लिहिणे हे मुळात विषयज्ञानाचे काम आहे. तो प्रसिद्ध करणे, त्यातील प्रत्येक घटकाचे वर्णन भारतीय भाषांत देणे, आणि सर्व आशय कोणत्याही क्षणी खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल अशी अट करारात घालणे, ही संस्थेची कर्तव्ये होत.

रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे आणि पाचवा ग्रंथालयाच्या सतत वाढीविषयी. आशयाची कोठारे संगणकावर आली, तरी त्या दोन नियमांची सत्ता कमी झालेली नाही. पृच्छाभाषा वेळ वाचविण्यासाठी आहे आणि सुटा आशय वाढीसाठी. त्यांच्या वापराने वाचकाचा वेळ वाचत नसेल किंवा कोठाराची वाढ खुंटत असेल, तर ती साधने कितीही आधुनिक असली तरी गैरलागू समजावीत.

प्रत्येक संस्थेस एक साधी परीक्षा स्वतःच घेता येईल. आपले संकेतस्थळ उद्या सकाळी त्याच्या सर्व रंगांसह व मांडणीसह नाहीसे झाले, असे तिने क्षणभर गृहीत धरावे आणि मागे काय उरले, ते पाहावे. जर मागे नावे, आकडे, तारखा, सूचना व त्यांची सर्व भाषांतील रूपे नीट लावलेली, वाचता येण्याजोगी आणि दुसऱ्याच्या हाती देता येण्याजोगी उरली असतील, तर त्या संस्थेचा आशय सुरक्षित आहे. नवा चेहरा केव्हाही घडविता येईल. जर मागे काहीच उरले नसेल, तर तिचा मजकूर आजही जुन्या टंकांतील त्या लेखांप्रमाणेच, एका उसन्या रूपाच्या आयुष्यावर जगत आहे.